ओरड कोणीही ऐकली नाही

वर्तमानपत्र मी खालून वर वाचते. आधी बातमीची शेवटची ओळ, मग तिच्या वरची, असं करत करत मथळा सगळ्यात शेवटी. शेजारच्या सुनेला याची भारी गंमत वाटते. "आजी, सिनेमासुद्धा तुम्ही शेवटापासून बघता का?" असं तिनं एकदा विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. या सवयीच्या मुळाशी एक सोमवार आहे, आणि तो सांगायला बसलं की समोरचा चहा थंड होतो. आज चहा नाही आणि समोर कोणी नाही, तेव्हा सांगून टाकते.

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मी चोविशीतली विधवा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा तापानं गेला. सासरी नकोशी झाले, माहेरी वर्ध्यात वहिनीच्या डोळ्यांवर आले. सातवी झाले होते, सूत बरं काढायचे, म्हणून एका कताई केंद्रात शिक्षिका म्हणून लागले. वर्ध्याहून मोटारीनं तासाभराची वाट. कापसाच्या एका व्यापाऱ्यानं आपल्या बंद पडलेल्या जीनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात ते काढलं होतं. विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, कोणी नसलेल्या अशा बाया तिथं राहायच्या आणि सूत कातायच्या. मोठ्या आश्रमांशी आमचं काही नातं नव्हतं, पण त्यांचं पाहून आम्ही सगळं करायचो. पहाटेची प्रार्थना करायचो, आपलं ताट आपण घासायचो आणि सोमवारी मौन पाळायचो.

सोमवारी उजाडल्यापासून दिवेलागणीच्या घंटेपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. मीठ हवं असेल तर चिमूट करून दाखवायची, पाणी हवं तर ओंजळ. नव्या बायांना पहिल्या-पहिल्यांदा हसू आवरायचं नाही, मग अंगवळणी पडायचं. पायात काटा मोडला तरी बाई ओठ दाबून खाली बसायची. मला तर तो दिवस आवडायचा. एरवी माझ्याशी कामापलीकडे कोणी बोलत नसे. सोमवारी कोणीच कोणाशी बोलत नसे, म्हणून माझं एकटेपण त्या दिवशी उठून दिसायचं नाही.

शुक्रवारी मात्र माझा भाव वधारलेला असायचा. त्या दिवशी वर्ध्याचं साप्ताहिक यायचं आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ते वाचून दाखवायचं काम माझं होतं. रीत ठरलेली होती. आधी सगळे मथळे ठणठणीत आवाजात वाचायचे. मग एखादी बाई म्हणायची, "बाई, ते विहिरीचं वाचा," तर तेवढी एक बातमी पूर्ण वाचायची. बाकी बातम्यांचा मथळा हाच बायांसाठी शेवट. वाचून झालं की कागद स्वयंपाकीण मावशीकडे जायचा आणि सकाळी चूल पेटवायला लागायचा. गावोगावी हेच चालायचं. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास, आणि घरी जाताना प्रत्येकाच्या डोक्यात फक्त वरची ओळ.

केंद्राच्या व्यवस्थापकाला सगळ्या 'भाऊ' म्हणायच्या. पन्नाशीचा, धुवट खादीतला, गोड गळ्याचा माणूस. प्रार्थना तोच सांगायचा. त्याच्याबद्दल गावात कोणाला विचारलं असतं तर तोंड भरून चांगलं बोलले असते.

आणि ती. आर्वीच्या पुढच्या एका गावाची, म्हणून आम्ही तिला आर्वीवाली म्हणायचो. माझ्याच वयाची. नवरा मारायचा, एकदा चुलीतलं लाकूड घेऊन अंगावर धावला, तेव्हा ही निघून आली. बापाला हे आवडलं नव्हतं, पण केंद्र चांगल्या लोकांचं आहे म्हणून त्यानं तिला राहू दिलं. नवरा तसा असला तरी हातात हिरव्या काचेच्या बांगड्या भरलेल्या असायच्या. बोलायला लागली की थांबायची नाही आणि सोमवारी तिचे हाल पाहवत नसत. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन आपणहून बसायची अशी त्या आवारात ती एकटीच होती.

त्या सोमवारी दुपारी मी सूत कातायचे कापसाचे पेळू आणायला कोठीकडे गेले. जुन्या जीनची ती कोठी आवाराच्या टोकाला होती. दारापासून दहा पावलांवर असताना ती बाहेर आली. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, केसांत कापूस, उजवं मनगट रक्ताळलेलं. माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीला धरून उभी राहिली. मागोमाग भाऊ बाहेर आला. उपरणं सावरलं, मला नेहमीसारखा नमस्कार केला आणि निघून गेला.

मी आत गेले. पेळूंच्या ढिगावर हिरव्या काचा पडल्या होत्या. मी त्या पदरात वेचल्या. माझ्या हातात बांगड्या नव्हत्या, मावशीच्याही नव्हत्या. त्या काचा कोणाच्या हे विचारायचं कारणच नव्हतं. तिला धरून मी स्वयंपाकघरात नेलं. मावशीनं मनगट पाहिलं, हळद दाबली, फडकं बांधलं. आणि मग आम्ही तिघी चुलीपाशी बसून राहिलो. बोललो नाही. घंटा व्हायची होती.

आजच्या माणसाला हे वेड्यासारखं वाटेल. मलाही वाटतं. पण ते आमच्यात इतकं मुरलं होतं की मौन मोडावं हे तिघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. ती कोठीत ओरडली नाही, याचं कारणही तेच. आणि त्यानं सोमवारच का निवडला, हे कळायला मला फार डोकं खाजवावं लागलं नाही.

घंटा झाली. तिनं पहिला शब्द काढला तो असा: "बाई, त्यानं माह्या अंगावर हात टाकला वो."

मावशी म्हणाली, "मले माईत होतं एक ना एक दिवस हे होईन. मांगच्या साली ती एक पोरगी निघून गेली, ते काऊन गेली होती मंग?"

तक्रार झाली. व्यापाऱ्यानं तीन प्रतिष्ठित माणसं चौकशीला बसवली. सतरंजी अंथरली, तक्के ठेवले, आणि एकेकीला आत बोलावलं. आत कोणी काय सांगितलं ते बाहेर दुसरीला कळू दिलं नाही. आधी तिला बोलावलं. दुसऱ्याच दिवशी तिचा बाप आला. 'मुलीला घेऊन जा' असा निरोप भाऊनं परस्पर धाडला होता. ती गाठोडं घेऊन त्याच्या मागं चालत गेली. माझी पाळी त्यानंतर आली.

पहिला प्रश्न होता, "ओरड ऐकलीत?"

"नाही. पण सोमवार होता. आणि मी..."

"ऐकली नाही. बरं. पुढे?"

पुढचं मी सगळं सांगितलं. तिला बाहेर येताना पाहिलं, त्याला पाहिलं, मनगट पाहिलं. काचा रुमालातून काढून सतरंजीवर ठेवल्या. त्यांतल्या एकानं त्या बोटानं बाजूला सारल्या. मावशीनं हळदीचं सांगितलं आणि मागच्या साली गेलेल्या पोरीचंही सांगितलं. आवारातल्या बाकी बायांना एकच विचारलं, ओरड ऐकली का. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलणाऱ्याही बोलेनाशा झाल्या. कोणी वाईट नव्हत्या. केंद्र बंद पडलं तर जायचं कुठं, या भीतीनं त्यांची जीभ आत ओढली होती.

शुक्रवारी साप्ताहिक आलं. प्रार्थना भाऊनंच सांगितली. मी नेहमीसारखी दिव्याजवळ बसले, घडी उलगडली आणि पहिल्याच पानावर जाड ठशात दिसलं: 'केंद्राच्या व्यवस्थापकावर बाईचा आरोप, ओरड कोणीही ऐकली नाही.'

मथळा वाचणं माझं काम होतं. मी वाचला. आवाज माझाच होता आणि मीच तो ऐकत होते. ऐकता ऐकता मला काय वाटलं सांगू? त्या ओळीत एक अक्षर खोटं नव्हतं. आणि ती सगळी ओळ खोटी होती.

बाया उठायला लागल्या. मथळे संपले होते. मी म्हटलं, "थांबा, खालचं वाचते." एक-दोघी घुटमळल्या, पण भाऊ समोर बसला होता, मग त्याही गेल्या. मी वाचत राहिले. बातमी लांबलचक होती. त्याची सेवा, व्यापाऱ्याची देणगी, केंद्राची शिस्त, सगळं होतं. अगदी तळाला, सरकीच्या भावाला लागून, लिहिलं होतं: 'एका शिक्षिकेने व स्वयंपाकीणबाईने काही गोष्टी सांगितल्याचे कळते.'

काही गोष्टी. रक्त, काचा, हळद, दारातून बाहेर आलेला माणूस, मागच्या साली गेलेली पोरगी, हे सगळं त्या दोन शब्दांत दडपून भरलं होतं. शेवटचा शब्द वाचला तेव्हा भाऊही उठून गेला होता, समोर मावशी तेवढी उरली होती. तिनं कागदासाठी हात पुढं केला. मी म्हटलं, "हा नाही देत."

पुढच्या आठवड्यात मी वर्ध्याला संपादकांकडे गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत छापखाना होता, त्यांचे हात शाईनं माखलेले, माणूस सज्जन. त्यांनी मला खुर्ची दिली. मी म्हटलं, "आम्ही जे सांगितलं ते वर का नाही?"

"बाई, खाली छापलं आहे की. लपवलं असतं तर तुमचं म्हणणं बरोबर."

"खालचं कोणी वाचत नाही."

"तो काय माझा दोष? आणि आरोप शाबीत होईपर्यंत आरोपच म्हणायचं असतं. उद्या तो निर्दोष निघाला तर?"

"आरोप म्हणा, माझी तक्रार नाही. पण 'दोघींनी दुजोरा दिला' हेही खरंच आहे. मग ते वर का नाही, आणि 'ऐकली नाही' हेच वर का?"

"ओरड ऐकल्याचं कोणी सांगितलं का?"

"नाही. सोमवार होता."

"आता सोमवार मथळ्यात घालू का?" ते हसले. वाईट हसू नव्हतं. दिवसभर ओळी मोजणाऱ्या माणसाचं होतं. मी म्हटलं, "घालायला हवा होता," आणि उठले. मोटारअड्ड्याकडे चालताना रडू आलं. माहेरचं गाव असून त्या बाजारात मला ओळखणारं कोणी दिसलं नाही, म्हणून रडायला अडचण पडली नाही.

मावशीची बहीण आर्वीवालीच्याच गावात दिलेली होती, तिच्याकडून मग निरोप आला. त्या गावातही साप्ताहिक जायचं. पारावर गुरुजी वाचायचे. वरची ओळ बापानं चारचौघांत ऐकली. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. जेवण ओसरीवर ठेवायचे, झोपायला गोठ्याची पडवी. सासरच्यांना निरोप गेला होता. ते आले की जायचं, असं तिला घरच्यांनी सांगून टाकलं होतं. चुलीतलं लाकूड घेऊन धावणाऱ्याच्या घरी.

मला दुसरीच गोष्ट कुरतडत होती. आमची साक्ष व्हायच्या आधीच ती गेली होती. मी तिच्यासाठी तोंड उघडलं की नाही, हे तिला कोण सांगणार? वरची ओळ ऐकून तिला वाटलं असेल, बाई पण गप्प बसली.

मी सोमवारीच निघाले. मुद्दाम. सकाळी आवारात सगळ्या तोंड मिटून सडा घालत होत्या, त्यांच्यामधून कागदाची घडी काखेत मारून गेले आणि मोटारीत बसल्यावर मोठ्यानं म्हटलं, "एक तिकीट द्या." दोन वर्षांत सोमवारी घंटेआधी काढलेला तो माझा पहिला शब्द. कंडक्टर दचकून म्हणाला, "बाई, मी बहिरा नाई."

गाव सडकेलाच लागून होतं. बाजाराचा दिवस होता. ती पडवीत शेणी रचत होती. मला पाहून उठली नाही, नुसती पाहत राहिली. हातात बांगड्या नव्हत्या. मी तिच्याजवळ खाली बसले, कागद उलगडला आणि म्हटलं, "ऐक. खाली आमचं छापलं आहे. मी सांगितलं होतं, मावशीनं सांगितलं होतं." आणि ती ओळ वाचायला लागले.

तिनं कागदावर हात ठेवला. "मले काऊन वाचून दाखवता बाई? मले त माईत आहे काय झालं ते. आन् तुमी सांगतलं असन, हेबी माईत होतं." मग पाराकडे मान वळवली. "तिकडं वाचा. जिथं वरचं वाचलं."

मी परक्या गावात, परक्या माणसांच्या पारावर कधी गेले नव्हते. वर्ध्यातसुद्धा नाही. परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू, पण गेले. बाजाराची गर्दी होती. पारावर गुरुजी होते, म्हातारे होते आणि खांबाला टेकून तिचा बाप. मी म्हटलं, "केंद्राची बातमी तुम्ही अर्धी ऐकली. उरलेली वाचते." आणि तळची ओळ वाचली.

मग एक म्हातारा म्हणाला, "काई गोष्टी म्हंजे कोनत्या?"

कागदात त्याचं उत्तर नव्हतं. मी तो घडी करून बाजूला ठेवला आणि सांगितलं. कोठी, पदर, मनगट, काचा, हळद. भाऊनं सावरलेलं उपरणं. सांगताना मी कोणाकडे पाहत नव्हते, तरी माझा आवाज त्या शुक्रवारपेक्षा चढा होता.

"पन कोनं ओरडनं नाई आयकलं म्हंते," गुरुजींच्या शेजारचा माणूस म्हणाला.

"सोमवार होता. सोमवारी आम्ही बोलत नाही. काहीही झालं तरी."

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "काय बाप्पा! बाईनं ओरडाचं नाई, असा कोनता वार असते?"

संपादकांना न पटलेलं त्या म्हाताऱ्याला एका क्षणात कळलं होतं. बाप खांबाला टेकून तसाच होता. त्यानं मला एवढंच विचारलं, "तुमी सोता पाह्यलं?"

"हो. ती 'एक शिक्षिका' मीच."

तो उठला. धोतर झटकलं आणि माझ्या पुढं चालायला लागला. घराशी आल्यावर ओसरीपाशी थांबला. ती पडवीतच उभी होती. तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, "बाईले पानी दे. घरातून आन."

इतक्या दिवसांत तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द होता. ती उंबरा ओलांडून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. पाणी आलं तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं आणि बापानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. सासरच्यांचं काय करायचं ते तो बोलला नाही. पण माझ्यासमोर त्यानं पोरीचं गाठोडं पडवीतून उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

सडकेवर मोटारीची वाट पाहत आम्ही दोघी उभ्या होतो. तिनं विचारलं, "बाई, मी त्या दिवशी ओरडली असती त मंग वर काय छापलं असतं त्याहीनं?"

मी विचार केला. "छापलं असतं, 'ओरड ऐकली, पाहिलं कोणी नाही.'"

ती हसली. कोठीनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग मोटार आली, मी चढले, तिला काही बोलायचं होतं ते राहून गेलं.

माझं काम पुढच्या आठवड्यात गेलं. चौकशीचं पुढं काही झालं नाही; भाऊ तिथंच राहिला, प्रार्थना सांगत राहिला. मावशीला काढलं नाही. तिच्या हातच्या भाकऱ्या सगळ्यांना हव्या होत्या. मी पुलगावला एका बालवाडीत लागले आणि एका खोलीत उरलेली सगळी वर्षं काढली. ती सासरी गेली नाही, बापाजवळच राहिली, एवढं मावशीकडून कळलं. मी पुन्हा त्या गावाला गेले नाही. का गेले नाही, ते मलाही धड सांगता येत नाही. माझ्या उंबऱ्यावर आपणहून येऊन बसणारं माणूस त्यानंतर मला मिळालं नाही, हे मात्र रोज संध्याकाळी कळतं.

पण त्या दिवशी मोटार सुटली तेव्हाचं सांगायचं राहिलं. मोटार बाजारातून निघाली, धूळ उठली, मी मागं वळून पाहिलं नव्हतं. आणि मागून आवाज आला. असा आवाज की बैलवाल्यांनी कासरे ओढले, पारावरची माणसं उभी राहिली, कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली.

"येजो वो बाई! पुन्हा येजो!"

सगळ्या बाजारानं ऐकलं.